अमूर्त डिजिटल चित्रात हरवलेली परंपरा येते कुठून: चित्रातून की शीर्षकातून?

कोरापडदा यांचा प्रश्न

गेले आठ महिने मी संगणकावर अमूर्त चित्रांची एक मालिका करत आहे. आजचे जगणे पडद्याच्या चौकटीत तुकड्यातुकड्यांनी घडते आणि हाताने करण्याच्या कितीतरी रीती, विशेषतः हाताने विणणे आणि हाताने पत्र लिहिणे, कोणाच्या फारसे लक्षात न येता मागे पडत जातात, असा साधारण विषय आहे. आतापर्यंत बारा चित्रे झाली. बहुतेकांत वरच्या थरांवर निळ्या-राखाडी रंगांचे लहानमोठे आयत एकमेकांवर सरकल्यासारखे मांडले आहेत आणि सर्वांत खालच्या थरावर जुन्या कापडाचे छायाचित्र 15 टक्के अपारदर्शकतेने ठेवले आहे.

ही चित्रे मी काही स्नेह्यांना शीर्षक न सांगता दाखवली. एकाला त्यांत रात्रीच्या शहराचा नकाशा दिसला, तर दुसऱ्याने ती बँकेच्या जाहिरातीमागे शोभतील असे सांगितले. (त्याचा हेतू प्रशंसेचाच होता.) मग मी ‘उसवलेली वीण’ हे शीर्षक सांगितले आणि त्याच क्षणी सर्वांनी माना डोलावल्या, काहींना तर चित्रात उदासीही जाणवू लागली. त्या माना चित्रासाठी डोलल्या की शीर्षकासाठी, हा संशय तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. चरखा किंवा लेखणी असे ओळखीचे चिन्ह काढले तर अर्थ लगेच पोहोचतो, पण मग ते अमूर्त चित्र न राहता भित्तिपत्रक होते. नाहीशी झालेली गोष्ट अमूर्त चित्रात आणण्याचा दुसरा मार्ग कोणता? मी थरांवर रंगकाम करतो आणि थोडेफार प्रोग्रामिंगही मला येते.

ताणाबाणा

मी काही वर्षे मागावर काम केले आहे आणि आता चित्रांसाठी प्रोग्राम लिहितो, त्यामुळे विणकामापुरते बोलतो. तुमची अडचण शीर्षकात नसून सर्वांत खालच्या थरात आहे, असे मला वाटते. तुम्ही कापडाचे रूप चित्रात आणले, विणणे आणलेच नाही. पुसट छायाचित्र ही केवळ पार्श्वभूमी असते. ते काढून तिथे दगडाचे किंवा वाळूचे छायाचित्र ठेवले, तरी वरच्या आयतांना काहीही फरक पडणार नाही.

विणकाम मुळात एक नियम आहे. उभा आणि आडवा धागा जिथे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वर कोण राहणार एवढाच प्रश्न असतो. साध्या विणीत ते आळीपाळीने ठरते. तिरप्या विणीत प्रत्येक नव्या ओळीत तीच मांडणी एका धाग्याने पुढे सरकते आणि म्हणून कापडावर तिरक्या रेघा उमटतात. म्हणजे प्रत्येक घरात दोनांपैकी एकच उत्तर असलेली ती एक जाळी आहे, आणि तुमचे डिजिटल चित्र हीसुद्धा चौकोनी घरांची जाळीच आहे. हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. जोसेफ मारी जकार यांनी 1804 च्या सुमारास सिद्ध केलेल्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी कोणता धागा उचलायचा हे ठरत असे, आणि 1839 मध्ये त्यांचे जे व्यक्तिचित्र रेशमात विणले गेले त्याला सुमारे 24,000 पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती आणि आपल्या गणनयंत्रासाठी त्यांनी छिद्रित पुठ्ठ्यांचीच योजना केली होती. पडदा आणि माग हे असे एकाच घराण्यातले असताना तुम्ही एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवून त्यांचे वैर दाखवले आहे. चित्र मला तिथेच खोटे वाटते.

माझी सूचना अशी, की छायाचित्र काढून टाका आणि आयतांनाच विणीचा नियम पाळायला लावा. नंतर तो नियम मोडा, पण माग जसा मोडतो तसा. सुरुवातीला ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा धागा चुकीचा ओवला गेला, तर ती चूक कापडाच्या शेवटापर्यंत उभी धावते. आडवा धागा एकदा चुकला, तर तेवढी एक ओळ बिघडते. संगणकाने कुठेही विखुरलेले यादृच्छिक दोष विणणाऱ्याच्या डोळ्याला तत्काळ परके वाटतात.

रेघोट्या

पत्रांविषयी एक उदाहरण आठवले, ते या प्रश्नाला थेट लागू पडते. चित्रकार वेरा मोल्नार (1924–2023) यांचा जन्म बुडापेस्टचा. 1947 पासून त्या पॅरिसला राहिल्या आणि 1968 मध्ये संगणकाकडे वळल्या. त्यांची आई त्यांना दर आठवड्याला पत्र लिहीत असे. त्या अक्षराला एक कडक, गॉथिक वळण होते; ओळीच्या डाव्या बाजूला ते नेटके असे आणि उजवीकडे जाताना अस्वस्थ, अनावर होत जाई. वय वाढले तसे ते वळण नाहीसे होत गेले आणि गोंधळ तेवढा उरला. पुढे पत्रे येणे थांबले, तेव्हा मोल्नार यांनी संगणकाच्या साहाय्याने आईची पत्रे स्वतःच स्वतःला ‘लिहायला’ घेतली. 1981 ते 1990 या काळातल्या या मालिकेत वाचता येईल असे एकही अक्षर नाही. केवळ वरखाली जाणाऱ्या रेघांच्या ओळी आहेत आणि त्या ओळी उजवीकडे जाता जाता विस्कटतात.

या मालिकेलाही ‘माझ्या आईची पत्रे’ असे नाव आहे, आणि ते नाव काढून घेतले तर अनेकांना त्या रेघोट्याच वाटतील. शीर्षकाचा आधार घेण्यात म्हणूनच काही कमीपणा नाही. तरीही फरक उरतो. तिथे शीर्षक वाचून आपण पुन्हा चित्राकडे वळलो, की डोळा डावीकडून उजवीकडे चालू लागतो आणि हात कुठे सुटला ते स्वतः शोधतो. शीर्षकात न सांगितलेले पुष्कळ काही चित्रात सापडते. तुमच्या चित्रांत, तुमच्या वर्णनावरून तरी, परत वळलेल्या डोळ्याला शीर्षकाने आधीच सांगितलेली गोष्टच भेटत असावी. ताणाबाणा यांचे म्हणणेही वेगळ्या वाटेने इथेच येते: मोल्नार यांनी आईच्या पत्राचे छायाचित्र वापरले नाही, तर ते अक्षर कोणत्या नियमाने बिघडत गेले, तो नियम वापरला.

जुनीफाइल

मला ‘हरवलेली’ या शब्दावरच आक्षेप आहे. हाताने विणणारे आणि पत्रे लिहिणारे लोक आजही आहेत. ते तुमच्या नजरेआड झाले, याला नाहीसे होणे म्हणायचे का? शिवाय निळ्या-राखाडी रंगांनी आधुनिक एकाकीपण दाखवण्याची रीत आता इतकी रुळली आहे, की पाहणारा चित्र पाहण्याआधीच उदास व्हायला तयार असतो.

तुमचे माध्यमही काही चिरंजीव नाही. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी 1985 मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे जुन्या फ्लॉपी डिस्कमध्ये अडकून पडली होती आणि ती 2014 मध्ये खटपटीने बाहेर काढावी लागली. ब्राउझरमध्ये हलती चित्रे आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरला मिळणारा आधार 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि त्यावर उभी असलेली कितीतरी कामे एका रात्रीत मुकी झाली. शेकडो वर्षांपूर्वीचे कापड संग्रहालयात डोळ्यांनी पाहता येते, आणि 30 वर्षांपूर्वीची फाइल उघडायला तज्ज्ञ शोधावा लागतो. विसरणेच दाखवायचे असेल, तर ते पडद्याच्या स्वतःच्या रीतीने दाखवा. जेपेग संक्षेपणात, म्हणजे चित्राची फाइल लहान करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, चित्र 8×8 बिंदूंच्या ठोकळ्यांत कापले जाते; एकच चित्र थोडे थोडे सरकवून पुन्हा पुन्हा जतन केले, की ते ठोकळे त्याला हळूहळू खातात. न सरकवता त्याच गुणवत्तेवर जतन करत राहिलात, तर ऱ्हास लवकरच थांबतो, हेही लक्षात असू द्या. मूळ प्रत मात्र टिफ किंवा पीएनजी अशा, तपशील न गाळणाऱ्या फाइलप्रकारात सांभाळून ठेवा.

ताणाबाणा

रंगांबद्दल आणि ‘हरवलेली’ या शब्दाबद्दल जुनीफाइल यांच्याशी मी सहमत आहे. जेपेगच्या ठोकळ्यांबद्दल नाही. विसरण्याची खूण म्हणून ते इतक्या ठिकाणी वापरले जातात, की तेही आता निळ्या रंगासारखेच झाले आहेत, आणि ज्या चित्राचा विषय विणकाम आहे त्याचा ऱ्हास विणकामाच्याच चुकीतून यायला हवा.

कोरापडदा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. छायाचित्र काढले, निळा रंगही काढला. चाळीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहिला; त्यात प्रत्येक छेदावर कोणता आयत वर राहील हे तिरप्या विणीच्या नियमाने ठरते, आणि डावीकडून सातवा उभा पट्टा सुरुवातीलाच चुकीचा ओवला आहे.

बँकेची जाहिरात म्हणणाऱ्या स्नेह्याला हे चित्र पुन्हा शीर्षकाशिवाय दाखवले. त्याला कापड दिसले नाही. बराच वेळ पाहून त्याने विचारले, “ही एक रेघ वरपासून खालपर्यंत चुकत गेली आहे, ती कोणी वेळीच सुधारली का नाही?” शीर्षक मी त्याला अजून सांगितलेले नाही, आणि ते शीर्षकही बदलायच्या विचारात मी आहे.

पत्रांची चित्रे बाकी आहेत. माझ्याकडे कोणाची जुनी पत्रे नाहीत, पण शाळेतली एक वही सापडली. तिच्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी जागा संपत आली, की माझे अक्षर दाटीवाटीने बारीक होत जाते. सध्या पट्टी घेऊन त्या अक्षरांची रुंदी मोजतो आहे.