ब्रेकला फ्रिजची तांब्याची नळी? माझा साफ विरोध

हायहूडवाला, रामबाग

परवा लोहामंडीकरांनी इथे लिहिलं की जुन्या जीपच्या ब्रेकच्या सगळ्या लायनी, म्हणजे चाकांपर्यंत तेल नेणाऱ्या नळ्या, बदलणं म्हणजे पैशाचा चुराडा. "गंजलेला तुकडा कापा, फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणा, दोन्हीकडे जॉइंटर लावा, आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळा, दहा वर्षं बघायला नको." खाली लोकांनी "वा काका, पैसे वाचवलेत" असं लिहिलंय. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

माझी जीप १९६२ची. मागच्या श्रावणात इंदूरहून चोरलला निघालो होतो. भेरूघाटाच्या उतारावर तिसऱ्या वळणाआधी पाय टाकला आणि पेडल थेट फळीला टेकलं. पंप केलं, काही नाही. मागे माझी मुलगी आणि भाचा बसलेले. दुसरा, मग पहिला गिअर कसाबसा घुसवला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या नाल्यात जीप घातली. तिघंही धड आहोत. मडगार्ड दुमडलं, त्याचं काय.

खाली वाकून बघितलं तर मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या लायनीत आधीच्या मालकानं घातलेला असाच जॉइंटर. त्याच्या फेरूलमधून, म्हणजे नळीवर आवळायच्या कड्यातून, तांब्याची नळी अख्खी निसटलेली आणि ब्रेकच्या टाकीतलं सगळं तेल रस्त्यावर.

जोरात पाय मारला की लायनीत हजार पीएसआयच्या (चौरस इंचाला हजार पौंडांच्या) वर दाब जातो. फेरूल नळीला नुसतं आवळून धरतं. पाण्याच्या नळाला ते पुरतं, ब्रेकला नाही. मऊ तांबं फ्रेमच्या थरथरीनं हळूहळू कडक होतं आणि मग तडकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. आणि टेफ्लॉन! फ्लेअरच्या जोडात, म्हणजे नळीचं टोक फाकवून केलेल्या जोडात, तेल अडतं ते बसणीवर, टोक जिथे टेकतं तिथे. आट्या फक्त दाबून धरायला असतात. टेप लावली की नट आवळल्यासारखा वाटतो, बसण मात्र अर्धवट राहते, आणि टेपचा एखादा धागा आत गेला तर पुढचं बोलायलाच नको.

माझं म्हणणं एवढंच: मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की तेल ढकलतं ते) चाकापर्यंत अख्खी लायन नवी. स्टीलची, नाहीतर तांबं-निकेल मिश्रधातूची. दोन्ही टोकांना डबल फ्लेअर (फाकवलेली कड आत दुमडून दुहेरी केलेली), मधे एकही जोड नाही. रबरी होज त्याच वेळी बदला.

लोहामंडी

तुमच्या जीपचा जॉइंटर तुमच्या आधीच्या मालकानं लावला, त्याचं खापर माझ्या डोक्यावर? माझ्या जीपला १९८९पासून तांब्याची लायन आहे. मांडूला किती वेळा गेलो, मानपूरचा घाट किती वेळा उतरलो, मोजलेलं नाही. एक थेंब गळलेला नाही. ज्या उस्तादांनी ती घातली त्यांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण बोटानं चाचपून सांगायचे नट किती आवळायचा ते. हल्ली चार व्हिडिओ बघून जो तो मिस्त्री होतो आणि म्हाताऱ्यांना शिकवतो. तांब्याला गंज लागत नाही, स्टीलला लागतो. तुमचा मुद्दा इथेच संपला.

सुदामानगरची ताई

काका, स्टीलला गंज लागतो हे खरंय, पण कुठे लागतो ते बघा. आमच्या जीपची लायन मी स्वतः उतरवली. उघड्यावरची नळी ठणठणीत. सडली होती ती फ्रेमच्या क्लिपांखाली, जिथे काळ्या मातीचा चिखल वर्षानुवर्षं ओला राहिला होता. क्लिपेत रबर घातलं आणि पावसाळ्यानंतर पाण्यानं धुऊन काढलं तर स्टील पुष्कळ टिकतं. शिवाय आतूनही गंज येतो, कारण ब्रेकचं डॉट ३ तेल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना ते २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पाणी मुरल्यावर तीच हद्द १४०वर येते. तेल किती जण बदलतात?

डबल फ्लेअर काही जादू नाही. पहिले सहा मी वाया घालवले. नळी सरळ कापा, आत उरलेली बर (धारदार कड) काढा, टोकाला किंचित चाम्फर (तिरका उतार) द्या, आणि नट आधी नळीत घाला. हे मी दोनदा विसरले आणि सुंदर झालेलं टोक कापून टाकावं लागलं. ब्लीडिंगला, म्हणजे लायनीतली हवा काढायला, सासूबाई पेडलवर बसल्या होत्या. "दाबा", "धरा", "सोडा", दीड तास. सगळ्यात लांबचं चाक आधी.

महूकर, ई.एम.ई. निवृत्त

तुम्ही दोघं नळीवर भांडताय. खरा दोष नळीचा नाहीच. या जीपला एकच सर्किट आहे. चारही चाकं एका मास्टर सिलिंडरवर. नळी सोन्याची घाला, एक व्हील सिलिंडर (चाकातला, ब्रेक दाबणारा) गळला की चारही गेले. हायहूडवाल्यांना वाचवलं ते हँडब्रेकनं, कारण विलीजचा (ही जीप मूळची ज्या कंपनीची तिचा) हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो आणि त्याचा तेलाशी संबंध नाही. पण त्या शाफ्टचा मागचा यू.जे. (युनिव्हर्सल जॉइंट) तुटला असता तर तोही गेला असता. टॅन्डम, म्हणजे दोन कप्प्यांचं, मास्टर सिलिंडर लावा. पुढचं सर्किट वेगळं, मागचं वेगळं. सैन्यातल्या ई.एम.ई.च्या (यंत्रदुरुस्ती दलाच्या) नोकरीत मी ब्रेक गेलेल्या गाड्या दरीतून वर काढल्या आहेत. यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

मूळरूप

झालं! आता टॅन्डम, उद्या डिस्क, परवा पॉवर स्टीअरिंग. मग नवी थारच घ्या ना. या गाड्यांचा जीव त्यांच्या मूळ असण्यात आहे. फळीखालचं मास्टर सिलिंडर, पायापाशी झाकण उघडून तेल भरायची ती पद्धत, नऊ इंची ड्रम, हे सगळं मिळून ती जीप होते. मी माझ्या जीपचा एकेक बोल्ट शोधत अकरा वर्षं घालवली आहेत. आणि भावना बाजूला ठेवा. २०२१च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच विंटेज म्हणून नोंदते. टॅन्डम लावून तो हक्क घालवायचा?

महूकर, ई.एम.ई. निवृत्त

नियम मीही वाचला आहे. त्यात अडतं ते चासी, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांना. ब्रेकचं नाव नाही. फायरवॉल (इंजिन आणि पायांमधली पत्र्याची भिंत) कापून लटकतं पेडल बसवलंत तर बॉडीला हात लागला, ते मीही करू देणार नाही. पण जुन्याच जागी, फळीखाली फ्रेमवर ब्रॅकेट करून टॅन्डम बसवता येतं आणि एक भोकही पाडावं लागत नाही. वरून कोणाला दिसतही नाही.

मूळरूप

दिसत नाही म्हणून चालतं? मला माहीत असतं ना.

महूकर, ई.एम.ई. निवृत्त

मग नातवंडांना मागे बसवू नका. माझा राग तुमच्या बोल्टांवर नाही. गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक जाऊन किती माणसं गेली, हे राऊ-खलघाट रस्त्यावर जाणाऱ्या कोणालाही विचारा.

छावणीचा पंक्या

भिया, तो विंटेज गाडीचा व्हीए नंबर घेऊन करायचं काय? वीस हजार भरा आणि मग गाडी काढायची ती फक्त रॅलीला, प्रदर्शनाला, नाहीतर पेट्रोल आणि दुरुस्तीला. रविवारची जानापावची चक्कर बंद. ती टेकडी मी आठवीत असताना आजोबांच्या जीपमधून पहिल्यांदा चढलो. तीच जीप आता शोकेसमधे ठेवू? मूळरूपदादा, जीप चिखलासाठी बनली. तुम्ही तिला देव्हाऱ्यात बसवताय.

मूळरूप

देव्हाऱ्यात नाही, घरात. तुमच्या आजोबांच्या जीपला आज कुठल्या कंपनीचं डिझेल इंजिन आहे, ते तुम्हीच सांगा. १९७०च्या आधीच्या धड पेट्रोल जीपा आपल्या शहरात बोटावर मोजण्याइतक्या उरल्या, त्या याच "चालवायची गोष्ट" म्हणणाऱ्यांमुळे.

छावणीचा पंक्या

आजोबांना डिझेल परवडत होतं, पेट्रोल नाही. नाहीतर ती तेव्हाच भंगारात गेली असती. आज ती उभी आहे ती त्यांनी इंजिन बदललं म्हणूनच. आजोबांवर जाऊ नका.

मूळरूप

आजोबांबद्दल बोललो ते चुकलं. माफ करा. बाकीचं मागे घेत नाही.

हायहूडवाला, रामबाग

मंडळी, लायनीवर या. टॅन्डम मीही लावणार आहे, पण टॅन्डममधे फ्रिजची नळी घातली तरी निम्मे ब्रेक जातातच.

लोहामंडी

तीन दिवस झाले. काल रात्री टॉर्च घेऊन जीपखाली गेलो, कोणाला दाखवायला नव्हे. १९८९ची लायन खरंच कोरडी आहे. पण मागच्या टी-जोडापाशी, जिथे नळी वाकते तिथे, नखानं खरवडलं तर केसाएवढी रेघ लागते. ओरखडा आहे की तडा, ते माझ्या डोळ्यांना कळलं नाही. सकाळी मुलाला दाखवली. तो काहीच बोलला नाही, जीपची किल्ली घेऊन आत गेला.

उस्तादांबद्दल मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही. त्या काळी त्यांना मिळालं ते त्यांनी घातलं आणि ती लायन तीस वर्षांच्या वर चालली. आणि तुम्ही स्टील, स्टील करताय तर हेही लिहा: बाजारात हल्ली नट मिळतात ते बहुतेक दहा मिलिमीटरचे. आपल्या जुन्या जीपचे नट इंचाच्या मापाचे: ३/१६ इंची नळीला ३/८ इंची, इंचाला चोवीस आट्यांचा. नवं मेट्रिक सिलिंडर लावलं आणि त्यात जुना नट घातला तर तो सैलसर आत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आट्या सोलून बाहेर येतो. तुमच्या महूकरांच्या टॅन्डमला हे आधी विचारा.

महूकर, ई.एम.ई. निवृत्त

हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. बरोबर आहे. मेट्रिक सिलिंडर असेल तर त्याचाच नट, आणि फ्लेअरसुद्धा बसण बघून. काही मेट्रिक बसणींना बबल फ्लेअर (फुग्यासारखं गोल टोक) लागतो, तिथे आपला डबल फ्लेअर गळणारच.

सुदामानगरची ताई

लोहामंडीकाका, ती जीप आता रस्त्यावर काढू नका. माझं फ्लेअरिंग टूल रविवारी मोकळं आहे. जुने पितळी टी-जोड फेकू नका. बसणीवर चरा नसेल तर ते पुन्हा चालतात. नट सोडवायला साधा पाना लावू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना माझ्याकडे आहे. आजपासून रोज संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा.

लोहामंडी

तेल मारलं. रविवारी दहाला या. जुनी लायन कापू नका, अख्खी उतरवायची, ती मी ठेवणार आहे. आणि पहिला फ्लेअर मी करणार.