लेबलवरचं 'व्हिउदा' हे गिटार बनवणाऱ्याचं नाव आहे का?

सहावी_तार:
मामा मागच्या वर्षी गेला. त्याची गिटार मामीने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाजव, नाहीतर नुसती पेटीत पडून राहील." फॅक्टरीची नाही एवढं मलाही कळतंय, पण कोणी बनवली ते कळत नाही. साउंडहोलमधून, म्हणजे तारांखालच्या गोल भोकातून, आत टॉर्च मारला की पाठीच्या लाकडावर चिकटवलेलं लेबल दिसतं. त्याचा खालचा कोपरा कसरीने खाल्लाय. उरलेल्या भागात 'व्हिउदा इ सोब्रिनोस दे दोमिंगो एस्तेसो' आणि खाली 'ग्राव्हिना ७, माद्रिद' असं छापलेलं आहे. सालाचा '१९' छापील आहे, पुढचे दोन आकडे शाईने लिहिलेत. त्यातला पहिला ५ आहे, दुसरा पुसट झालाय. व्हिउदा नावाचा कारागीर मला कुठेच सापडला नाही. पाठ आणि बाजू फिकट पिवळ्या लाकडाच्या आहेत, खुंट्या व्हायोलिनसारख्या लाकडी, आणि वजनाला इतकी हलकी की उचलताना हात आपोआप वर जातो. लेबल खरं आहे का? काढून मागे काही लिहिलंय का ते बघू का?

जुना_सरस:
आधी एकच सांगतो: लेबलला हात लावू नका. दुरुस्तीचं काम नवं होतं तेव्हा मी एका लेबलवरची धूळ ओल्या कापसाने टिपली. छापील अक्षरं तशीच राहिली, पण शाईने लिहिलेलं साल माझ्या डोळ्यांदेखत निळा डाग होऊन पसरलं. त्या गिटारीचं वय सांगणारी तेवढीच एक खूण होती, आणि ती माझ्या हातून गेली. आजही आत काही पुसायचं तर मऊ कोरडा ब्रश वापरतो, तोही लेबलच्या कडेपर्यंतच.

आता नावाचं. व्हिउदा म्हणजे विधवा आणि सोब्रिनोस म्हणजे पुतणे-भाचे. दोमिंगो एस्तेसो हे माद्रिदचे मोठे गिटार-कारागीर, १९३७ साली वारले. त्यानंतर पत्नीने आणि फाउस्तिनो, मारियानो, हुलिओ या कोंदे आडनावाच्या भाच्यांनी ग्राव्हिना रस्त्यावरचा तोच कारखाना चालवला, म्हणून लेबलवर असं लिहिलेलं. पुढे 'विधवा' गेली आणि नुसते 'सोब्रिनोस' उरले, त्याहीपुढे 'कोंदे एर्मानोस', म्हणजे कोंदे बंधू. स्पॅनिश लेबलवर नात्याचा शब्द दिसला की मी आधी त्याचा अर्थ लावतो. 'इहो दे' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'ए इहोस' म्हणजे आणि मुलगे. बार्सेलोनाच्या इग्नासिओ फ्लेताच्या लेबलवर 'ए इहोस' आलं की मुलं कामात आल्यानंतरची गिटार. नातं बदललं की काळ कळतो, आणि तुमच्या बाबतीत १९५० चं दशक त्यात नीट बसतं.

शिवाय ती बहुधा क्लासिकल नाहीच. फिकट पिवळं लाकूड, लाकडी खुंट्या, हलकं वजन ही सगळी सायप्रस झाडाच्या लाकडाच्या फ्लामेंको (स्पेनचं ठेक्याचं लोकसंगीत) गिटारीची लक्षणं आहेत. साउंडहोलच्या खाली बोटांच्या ठोक्यांसाठी पातळ पट्टी चिकटवलेली आहे का, किंवा ती काढल्याची खूण तरी? मामा काय वाजवायचा हो?

चिंचेचा_ब्रिज:
साल वाचताना जपा. माझ्या जपानी गिटारच्या लेबलवर हाताने '४६' लिहिलंय. आम्ही दहा वर्षं तिला १९४६ ची समजत होतो, युद्धानंतरची म्हणून कौतुकाने दाखवत होतो. तो शोवा, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजतात त्या कालगणनेचा ४६ निघाला. त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे १९७१. पत्त्यावरूनही कळतं. जर्मन लेबलवर पाच आकडी पिनकोड असेल तर ते १९९३ च्या आधीचं असूच शकत नाही.

मंद्र_सप्तक:
लेबल खरं असलं तरी त्यावरचं नाव कारखान्याचं असतं, हात कुणाचा हे वेगळं. प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियांनी वाजवलेली १९१२ ची गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लेबल मानुएल रामिरेझचं, पण ती घडवली त्यांच्याकडे काम करणाऱ्या सांतोस एर्नांदेझने असं मानतात. तेव्हा हेडस्टॉकचा (खुंट्या असतात तो टोकाचा भाग) आकार, रोझेट (साउंडहोलभोवतीची नक्षी) आणि आतल्या पट्ट्या त्याच कारखान्याच्या दुसऱ्या गिटारींशी ताडून पाहा.

जुना_सरस:
अगदी बरोबर. आणि एक सोपी तपासणी: खोलीत अंधार करून यूव्ही टॉर्च लेबलवर धरा. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालू लागले, तो कागद निळसर झळकतो. मंद राहिला तर जुना असण्याकडे कल जातो, पण जुना कोरा कागद वापरून बनावट लेबल छापणारेही असतात, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आत सोडून टॉपच्या, म्हणजे समोरच्या फळीच्या, आतल्या बाजूलाही बघा. काही कारागीर तिथे पेन्सिलने सही करतात. तारा आधी सैल करा.

सहावी_तार:
पट्टी नाही, पण साउंडहोलच्या खाली चौकोनी फिकट डाग आहे, त्याच्या कडेला जुन्या गोंदाची रेघ. मामा घरी सगळे झोपल्यावर ठोके देऊनच वाजवायचा, मामीला तेवढं पक्कं आठवतंय. यूव्हीखाली कागद झळकला नाही. आरशात एक पेन्सिलची रेघ दिसते, अक्षर वाटत नाही, उद्या उजेडात फोटो काढतो.

मामीला अर्थ सांगितला. तिने टॉर्च स्वतः हातात घेऊन लेबल कितीतरी वेळ पाहिलं, मग विचारलं, "आणि तिचं नाव? ते कुठे लिहिलंय?"