अनुभव धागा : आजोबांचं आयुष्य कागदावर कसं आणायचं?

धागाकर्ती, पंचवटी

वारी, सप्ताह, देवळाची व्यवस्था, सोसायटीचं काम, भावकीतले तंटे मिटवणं आणि हे सगळं सांभाळून खटल्याचं घर ओढणं. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी आजोबांचं आयुष्य असंच गेलं. वर्षश्राद्धाला मात्र जी पुस्तिका निघते तिच्यात 'धार्मिक, कुटुंबवत्सल, सेवाभावी' एवढंच असतं. तो माणूस नेमकं काय करत होता हे कुणी लिहीत नाही, आणि वीस वर्षांनी सांगणारंही कुणी उरत नाही. ज्यांनी अशी कागदपत्रं हाताळली आहेत त्यांनी इथे लिहावं. आजोबांचं कौतुक नको. काय शोधायचं, कुठे, कसं आणि कुठे फसतं, ते सांगा.

सिन्नरकर

सप्ताहाच्या पत्रिकांपासून सुरुवात करा. त्या बहुधा पोथीत खूण म्हणून घातलेल्या सापडतात. पत्रिकेत तिथी, शके, रोजचे कीर्तनकार, पंगतीचे यजमान आणि काल्याचं कीर्तन कुणाचं, हे सगळं छापलेलं असतं. आजोबांचं नाव अन्नदात्यांत आहे, टाळकऱ्यांत आहे की व्यवस्थापकांत, ते बघा.

पण पत्रिका म्हणजे आधी ठरवलेलं. झालं काय, ते पहाऱ्याच्या वहीत मिळतं. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, ती आळीपाळीने धरून उभं राहणं म्हणजे पहारा. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर दिवसाला बारा आणि सात दिवसांचे चौऱ्याऐंशी होतात. त्यात रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार कुणाच्या नावावर आहेत ते आवर्जून पाहा. संध्याकाळच्या पहाऱ्याला माणसं मिळतात, मध्यरात्रीचा पहारा घेणारी ठरलेलीच असतात. लागोपाठच्या वह्यांत त्याच जागी तेच नाव दिसलं, तर 'सेवाभावी' हा शब्द लिहायची गरजच राहत नाही.

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जाणाऱ्या दिंड्यांच्या भिशीच्या, म्हणजे सामाईक जेवणाच्या, वह्याही अशाच. किती माणसांचा शिधा, कुणी किती पायली धान्य दिलं, बैलगाडी कुणाची, हे त्यात असतं. एक खबरदारी घ्या. एका गावात एकाच नावाचे तिघे सापडतात, त्यामुळे वडिलांचं नाव जुळल्याशिवाय नोंद आपली धरू नका.

गोदाघाट

रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात. तिथे नुसतं आडनाव पुरत नाही. मूळ गाव, जात आणि निदान पणजोबांपर्यंतची नावं लागतात. घोळ मूळ गावात होतो. घर दोन पिढ्या निफाडला असलं तरी कूळ दुसरीकडून आलेलं असेल, तर जुनी नोंद त्या गावाखालीच सापडते. ते गाव ठाऊक नसेल तर कुलदैवत कुठलं आणि जुनी सोयरीक कुठली, यावरून अंदाज बांधता येतो. आजीची माहेरची पिढी हवी असेल तर तिच्या माहेरच्या गावाची वही वेगळी आणि बहुतेकदा उपाध्येही वेगळे.

श्रावण आणि पितृपक्ष टाळून जा. त्या दिवसांत उपाध्यांना मान वर करायला वेळ नसतो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि फक्त वंशावळीचा नको, खालच्या मजकुराचाही घ्या. कोण, कुणाबरोबर, कशासाठी आलं होतं ते तिथे असतं, खाली सही किंवा अंगठा असतो. जुनी पानं मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून नाव वाचताना घाई करू नये. दोन जाणकारांकडून वेगवेगळं वाचून घ्या, मग ताडून बघा.

निफाडवाला

जन्मतारखेबद्दल थोडक्यात. दाखल्यावर १ जून असेल तर ती शाळेने घातलेली तारीख समजा. खरी नोंद मिळालीच तर गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. तिथे बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच असतं. म्हणून भावंडांचा क्रम घरी पक्का करून मगच जा.

पत्रिकेत शके असेल तर ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुनाला ७९. शके १८५७ चा चैत्र म्हणजे १९३५, माघ म्हणजे १९३६. पौष दोन्हीकडे पडू शकतो, तिथे पंचांगच पाहावं लागतं.

धागाकर्ती

@निफाडवाला, आजोबा हयात आहेत पण साल आठवत नाही, असं असेल तर?

निफाडवाला

साल विचारूच नका ताई. गोदेचा महापूर (१९६९), दुष्काळ (१९७२), सिंहस्थ (१९८०, १९९१, २००३), यांच्या आधी की नंतर, असं विचारा. दुष्काळी कामावर कुठल्या रस्त्याची खडी फोडली, सुकडी कुठे वाटायचे, हे विचारलं की माणूस आपोआप बोलायला लागतो. उलट तपासणीलाही याच खुणा कामी येतात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. आजोबांचा जन्म १९३४ चा असेल तर घरात सांगितली जाणारी ती आठवण पणजोबांची आहे. ती त्यांच्याच नावावर लिहावी, तिचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

टाळकरी

आवाजाचं सांगतो. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन तोंडापासून दीड वीतभर लांब, खाली घडी घातलेला टॉवेल. टेबलावर उघडा ठेवला तर कप ठेवल्याचाही आवाज घुमतो. पाऊण तासापेक्षा लांबवू नका, आणि दुपारच्या जेवणानंतर तर नकोच. 'तुमचं बालपण सांगा' असं म्हटलं की दोन वाक्यांत संपतं. 'काकड्याला किती वाजता निघायचात, कंदील कोण धरायचं, आणि परत आल्यावर पहिलं काम कुठलं?' असं विचारा.

हरिपाठ किंवा गवळण म्हणून घेत असाल तर टाळ-पखवाजापासून फोन निदान दहा फूट लांब हवा. जवळ ठेवला की टाळांचा आवाज फाटतो आणि चाल ऐकूच येत नाही. चाल महत्त्वाची, कारण शब्द गाथ्यात आहेत, आजोबांची चाल कुठेही छापलेली नाही. घेतलेला आवाज व्हॉट्सॲपवर पाठवून तेवढाच ठेवू नका, मूळ फाइल तीन ठिकाणी हवी.

शरणपूर रोड

ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची रजिस्टरं पाहावीत : बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्माची तारीख वेगळी दिलेली असू शकते, दोन्ही तारखा उतरवून घ्या. दफनाच्या नोंदीतलं वय सांगोवांगीचं असतं. पाळकांकडे लेखी अर्ज द्या, त्यात अंदाजे साल आणि वडिलांचं नाव असू द्या.

फोटोफ्रेम

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयला, पोस्टकार्डाहून मोठे ३०० ला चालतात. मागे बॉलपेनने लिहिलं की पुढे उमटतं, मऊ पेन्सिल वापरा. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नको : टेप पिवळी पडून कागद खाते, लॅमिनेशन परत काढता येत नाही. पोथ्या-वह्यांना कसर लागली असेल तर उन्हात टाकू नका, शाई उडते. सावलीत उघडून मऊ ब्रशने झाडा, सुती कापडात बांधा आणि भिंतीला टेकून ठेवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि वाळवीही तिथूनच चढते.

सिन्नरकर

पुस्तिका छापणार असाल तर पानं चारच्या पटीत ठेवा, सोळा पुरतात. पहिला मसुदा छापखान्यात देण्याआधी हयात असलेल्या सगळ्यात थोरल्या आत्याला वाचून दाखवा. लेकी-सुनांची नावं आणि माहेरची गावं तिथेच दुरुस्त होतात, आणि पहाऱ्याच्या वहीतलं 'बाळा' किंवा 'तात्या' म्हणजे नेमकं कोण, हेही बहुतेक वेळा तीच सांगते.