प्रतिसाद: होबार्टहून पोर्ट आर्थर, टूर की स्वतःची गाडी?

वर कुणीतरी विचारलंय की होबार्टवरून (ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाची राजधानी) पोर्ट आर्थरला, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला कैद्यांचा जुना तुरुंग बघायला, बसटूरने जावं की गाडी घेऊन, तर आम्ही मेलबर्नहून गेलो होतो तेव्हा आईबाबा बरोबर होते म्हणून टूर घेतली. जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जातात आणि आमच्या टूरवाल्याने तिथे जेमतेम चार तास दिले, ते कमीच पडले. पण ड्रायव्हरकाकांच्या गोष्टी भारी होत्या हां! वाटेतलं ईगलहॉक नेक म्हणजे तुरुंगाच्या बाजूला जाणारी, शंभर मीटरही रुंद नसलेली जमिनीची पट्टी, तिथे कैदी पळू नयेत म्हणून ओळीने कुत्रे साखळीला बांधून ठेवायचे, आणि एक पठ्ठ्या कांगारूचं कातडं पांघरून निघाला तर शिपाई शिकार समजून त्याच्यावरच बंदूक रोखायला लागले :)

तुरुंगात सेपरेट प्रिझन (कैद्यांना एकटं ठेवायची इमारत) अजिबात चुकवू नका. तिथल्या चॅपलमध्ये (प्रार्थनागृहात) प्रत्येक कैद्याला उभं राहायला कपाटासारखा वेगळा खण, शेजारचा दिसूच नये म्हणून, बाबा एका खणात उभे राहिले आणि दोन मिनिटांत गप्प बाहेर आले. बोटीची फेरी तिकिटातच असते, मृतांच्या बेटाजवळून (Isle of the Dead, तिथलं जुनं दफनस्थान) जाते, जॅकेट घ्याच. इथे १९९६ मध्ये झालेल्या गोळीबाराबद्दल तिथल्या स्टाफला मात्र विचारू नका प्लीज, त्यात ३५ माणसं गेली, स्मारकाची बाग आहे तिथे शांतपणे जाऊन या.

टास्मन आर्च आणि डेव्हिल्स किचनला (समुद्राने कड्यात कोरलेली कमान आणि घळ) आमची बस फक्त फोटोपुरती थांबली. चालवणारं कुणी असेल तर गाडीच घ्या.