मदत हवी आहे: शाळेच्या दिवशीच पोट दुखतं

कोथरूडची: घाईत लिहितेय. लेकीचं पोट रोज सकाळी दुखतं, रिक्षाकाका यायच्या वेळेलाच. रविवारी काही नाही. सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर 'मनाचं आहे' म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. मी नक्की काय करू? कोथरूड-कर्वेनगर भागातला चांगला समुपदेशक सुचवा.

मुठाकाठ: वय? इयत्ता? कधीपासून?

चहाटळ: जंताची गोळी द्या. भाच्याचं अगदी असंच होतं.

कोथरूडची: गोळी ऑगस्टमध्ये शाळेतच झाली. चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं.

पेठेतला: आमच्या वेळी ओवा खायला घालून दप्तर हातात द्यायचे. नाटकं आहेत.

मुठाकाठ: पेठेतला, नाटक नाही हो, पोट खरंच दुखतं. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. पोटात गोळा येतो म्हणतात तो हाच. पोरांना एवढं कुणी सांगत नाही, त्यामुळे त्यांना आपल्याला मोठा आजार झालाय असं वाटतं.
आमच्या चिरंजीवांना 'किती भीती वाटते' सांगता यायचं नाही. मग मुठेवरचा भिडे पूल धरला, पाणी वाढलं की बुडतो तो. खडकवासला धरणातून पाणी सोडलंय, आज कुठवर आलंय? पुलाखाली, पुलाला टेकलं, की वरून वाहतंय? हे तो बरोबर सांगायचा. वरून वाहत असेल तर श्वास सावकाश सोडायचा, दिवा न विझवता फुंकर घातल्यासारखा.
आणि घरी ठेवू नका. घरी राहिलं की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट.

स्वर्णिम: पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन सुरू करा.

चहाटळ: सोन्याचा भाव बघितलात का?

निवृत्तबाई: तीस वर्षं चौथीला शिकवलंय. डबा संपतो का? पाण्याची बाटली कशी परत येते?

कोथरूडची: डबा संपतो. बाटली आत्ता उघडून बघितली, गळ्यापर्यंत भरलेली. का?

निवृत्तबाई: बाथरूमला जायला लागू नये म्हणून पोरी पाणी पीत नाहीत. 'का जात नाहीस' असं समोर बसवून विचारू नका. वेणी घालताना विचारा, तोंड दिसत नसलं की बोलतात.

पेठेतला: भिडे पूल सध्या चालू आहे का? उद्या डेक्कनला जायचंय.

कोथरूडची: बोलली. मधल्या सुट्टीत कडी अडकली होती. बेल होऊन गेली तरी ही आतच. मावशींनी धक्का मारून दार उघडलं, बाहेर मुली हसत होत्या. महिना झाला या गोष्टीला!

निवृत्तबाई: वर्गशिक्षिकेला आजच सांगा, कडी दुरुस्त करून घ्या. घरी खेळ म्हणून कडी लावायची-काढायची. शाळेत आधी मैत्रीण बाहेर उभी, दार नुसतं लोटलेलं, मग कडी. एकदम नको. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

पेठेतला: आमच्या शाळेत बाथरूमला कडीच नव्हती.

कोथरूडची: बुधवार. 'पाणी पुलाला टेकलंय, वरून नाही' म्हणाली आणि रिक्षात बसली. बाटली अर्धी परत आली. समुपदेशकाचं नाव अजून कुणीच दिलेलं नाही.