क्रोशाच्या साइटसाठी गुंतवणूकदाराचे पैसे घ्यावेत का?

लोकरीची_गुंडी (सांगली)
नमस्कार. चार वर्षांपूर्वी क्रोशाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. चांगले नमुने चॅटमध्ये वाहून जायला लागले, म्हणून भाच्याकडून साइट करून घेतली. आज २,३०० सभासद आहेत. सगळ्यात जास्त उघडलं जातं ते शब्दकोशाचं पान. अमेरिकन पुस्तकातला ‘डबल क्रोशे’ हा टाका ब्रिटिश पुस्तकात ‘ट्रेबल’ होतो, आपल्याकडे तो साधा ‘खांब’. या घोळापायी कितीजणींनी अर्धा स्वेटर उसवलाय!
सर्व्हरचे महिना १,८०० रुपये मी भरते. ओळखीतले एक गुंतवणूकदार ४० लाख द्यायला तयार आहेत. अट एकच: दोन वर्षांत ५ लाख सभासद, त्यासाठी भरतकाम, रांगोळी, मेंदी सगळं एका अॅपमध्ये. घ्यावेत का?

कुंडीतली_माती (पुणे)
ताई, मी बागकामाच्या एका अॅपवर सभासदांचं बघायचो. आधी कुणी जास्वंदीच्या पानाचा फोटो टाकला की तासाभरात उत्तर यायचं, ‘पिठ्या ढेकूण आहे, कडुनिंबाचं तेल फवारा.’ फंडाचे पैसे आले आणि दर सोमवारी आकडा दाखवावा लागला. मग लकी ड्रॉ, ‘मैत्रीण आणा, बियाणं मिळवा’. हजारो आले, ‘छान’ लिहून गेले. खरी उत्तरं देणारे चाळीसेक जण होते, ते या गर्दीत एकेक करून गप्प झाले. दीड वर्षात अॅप बंद पडलं. मला अजून वाईट वाटतं.
पैसे देणारी माणसं वाईट नव्हती. व्हेंचर फंड म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड. त्याची मुदत साधारण १० वर्षांची, त्यात बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरलेलंच असतं. म्हणून उरलेल्या एकदोन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करायची असते. ती क्रोशाने कशी करायची? ट्विटरसारखं आपलं ‘कू’ अॅप २०२० मध्ये सुरू झालं, मागे टायगर ग्लोबल आणि अॅक्सेलसारखे मोठे फंड होते, तरी जुलै २०२४ मध्ये बंद झालं.

पान_क्रमांक_७
इतकं एकतर्फी नाही. गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झालं, गुंतवणूक घेतली, २०१३ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतलं. वाचक आजही तिथे पुस्तकं नोंदवतात. पण मागे पुस्तकविक्रीचा केवढा बाजार होता!

साखळी_टाका (न्यू जर्सी)
लोकरीमागेही बाजार आहे, लहान का असेना. रॅव्हलरी बघा. २००७ मध्ये एका जोडप्याने विणणाऱ्यांसाठी काढलं, व्हेंचरचा पैसा न घेता लाखो सभासद झाले. मिळकत लोकरीच्या दुकानांच्या आणि डिझायनरांच्या जाहिरातींतून, शिवाय नमुना विकला की थोडं कमिशन. या जाहिराती मला खुपत नाहीत, नवी लोकर कुठे आली ते मला हवंच असतं. मेटाफिल्टर या गप्पा-चर्चेच्या साइटने २००४ पासून नव्या सभासदाकडून एकदाच ५ डॉलर घेतले. तेवढ्यानेही उगाच धुडगूस घालणारे दाराबाहेर राहतात.

लोकरीची_गुंडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज वही घेऊन बसले. गरज १,८०० ची, आणि मी ४० लाखांचा विचार करत होते. सभासदांपैकी सहाजणी लोकर विकतात. महिना ३०० रुपयांत साइटवर पाटी लावाल का विचारलं, चौघी लगेच हो म्हणाल्या. वरचे ६०० सध्या मी घालते. त्या गृहस्थांना उद्या फोन करून नाही म्हणेन.
कुंडीतली_माती, तुमच्या त्या चाळीस जणांचं डोक्यातून जात नाही. आमच्याकडे रोज उत्तरं देणाऱ्या अकराजणी आहेत. आज पहिल्यांदाच त्यांची नावं मोजली. मुका खांब (खांबापेक्षा आखूड टाका) आणि खांब यांचे शेजारी शेजारी फोटो त्या कधीपासून मागतायत, आधी ते टाकते.