हर्नियाचे २२७ एक्स-रे आणि ४९३ पट वजन

भागाकार:
छातीच्या एक्स-रेवरून आजार ओळखणारं एआय मॉडेल शिकवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१७ मध्ये खुला केलेला डेटा घ्या. १,१२,१२० एक्स-रे, ३०,८०५ पेशंट, १४ लेबलं (आजारांची किंवा दोषांची नावं). इन्फिल्ट्रेशन (फुप्फुसातला पांढरट डाग) जवळजवळ २० हजार एक्स-रेंवर, हर्निया फक्त २२७ वर. लगेच मंडळी लॉसमध्ये (मॉडेलच्या चुकांच्या हिशेबात) हर्नियाला ४९३ पट वजन देतात (हर्निया नसलेले भागिले असलेले) आणि एयूसी (आजार असलेले-नसलेले वेगळे काढण्याचा गुणांक) छान आला की हात झटकून मोकळी.

माझं म्हणणं, वजन देऊच नका. डेटा आहे तसा शिकवा, थ्रेशोल्ड ('आहे' म्हणायची सीमारेषा) नंतर आजारागणिक ठरवा. एवढं वजन दिलेलं मॉडेल ०.५, म्हणजे पन्नास टक्के, म्हणतं, तेव्हा खरी शक्यता असते ४९४ मध्ये १. हा आकडा डॉक्टरला दाखवणार?

बॅच३२:
कागदावर सगळं बरोबर. कधी ट्रेन करून पाहिलंय का? ३२ ची बॅच (एका वेळी मॉडेलला दाखवायचे एक्स-रे) घेतली तर सरासरी १५ बॅचमागे एक हर्निया वाट्याला येतो. मॉडेल सरसकट 'नाही' म्हणायला शिकतं आणि ९९.८ टक्के अचूकता खिशात घालतं. बिघडलेले आकडे नंतर व्हॅलिडेशन सेटवर (तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या एक्स-रेंवर) ताळ्यावर आणता येतात. जे शिकलंच नाही ते थ्रेशोल्ड सरकवून कुठून आणणार? ४९३ अति होतं, मान्य. वर्गमूळ घ्या, २२ च्या आसपास येतं.

भागाकार:
वर्गमूळच का, घनमूळ का नको? आणि वजन नको म्हणून हर्नियाचे तेच एक्स-रे पुन्हा पुन्हा दाखवणारेही आहेत. ती तर निव्वळ खोगीरभरती. एकाच एक्स-रेवर हर्नियाबरोबर इन्फिल्ट्रेशनही असेल, तर तेही शंभरदा आत येतं.

एयूसीचं कौतुकही आवरा. समजा संवेदनशीलता (आजार असलेल्यांत पकडलेले) ९० टक्के, विशिष्टताही (नसलेल्यांत बरोबर सोडलेले) ९० टक्के. एक लाख एक्स-रेंत २०० हर्निया असतील तर १८० सापडतील आणि ९,९८० जणांना उगाच घोर लागेल.

लाईटबॉक्स:
रेडिओलॉजी शिकतेय, म्हणून राहवलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती लेबलं कुणी फिल्म बघून लावलेली नाहीत, रिपोर्टच्या मजकुरातून प्रोग्रामने काढलीत. न्यूमोथोरॅक्सचे (छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठते त्याचे) कितीतरी एक्स-रे छातीत नळी घातल्यानंतरचे आहेत. म्हणजे निदान झालं, उपचारही सुरू झाले! मॉडेल शिकतं नळी ओळखायला. ज्याला अजून नळी घातलेली नाही, ज्याची खरी घाई आहे, तोच नेमका सुटतो. याला कुठलं वजन लावणार?

आणि इन्फिल्ट्रेशन हा शब्द (आपल्यातच राहू द्या) नक्की काय ते सांगता येत नसेल तेव्हा फार सोयीचा पडतो. तोच पांढरा डाग कुणी कन्सॉलिडेशन (फुप्फुसात हवेऐवजी द्रव भरणं) लिहितो, कुणी न्यूमोनिया. फरक ताप आणि रक्ताच्या रिपोर्टवरून कळतो, आणि ते तुमच्या मॉडेलला कुणी दाखवलेलंच नसतं.

बॅच३२:
मग काय डॉक्टरबाई, दुकान बंद करायचं?

लाईटबॉक्स:
दुकान चालू द्या, तराजू बदला. टेस्टचे काहीशे एक्स-रे तरी दोघा-तिघा रेडिओलॉजिस्टकडून हाताने लेबल करून घ्या. नळीवाले आणि बिननळीवाले वेगळे मोजा.

भागाकार:
हे पटलं. मी इतके दिवस भागाकारच करत बसलो होतो. बॅच३२, तुमचा स्प्लिट (शिकवण्याचे आणि परीक्षेचे एक्स-रे वेगळे करणं) पेशंटनुसार आहे ना? एकाच माणसाचे एक्स-रे ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे गेले असतील तर २२७ चाही भरवसा नाही.

बॅच३२:
पेशंटनुसारच आहे. नळ्या आज रात्री मोजायला घेतो. वर्गमूळ मात्र सोडत नाही.